पावती रोज फाटते

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. नगररचनाकार फय्याजुद्दीन यांनी आखलेला, १९१७ सालचा हा गोल बाजार. मधोमध जगदंबेचं देऊळ, त्याभोवती वर्तुळाकार इमारत आणि बाहेर फुटणाऱ्या रस्त्यांवर सोनं, कापड, भुसार, मिरची, गूळ, चपला यांच्या आपापल्या ओळी. लातूरच्या कुठल्याही माहितीपुस्तिकेत एवढं सापडतं. पण दुकानाची शेवटची पायरी आणि मोटारसायकलचं पुढचं चाक यांच्यामध्ये दीड-दोन हातांची जी पट्टी उरते, तिच्यावरही एक बाजार भरतो. टोपल्या, पोत्यांवर मांडलेले वाटे, चार चाकांचे हातगाडे, छत्रीखाली बसलेला कुलूप-किल्लीवाला. तो पुस्तिकेत नसतो.

या पट्टीवर कोथिंबिरीची जुडी मिळते. लातूरच्या कास्ती कोथिंबिरीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं; बोरसुरीची तूरडाळ आणि पानचिंचोलीची चिंच यांनाही तेव्हाच. म्हणजे ही जुडी कुठली, तिचा वास वेगळा का, याची नोंद केंद्र सरकारच्या दप्तरात झाली. ती विकायला बसलेल्या बाईची नोंद कुठल्या दप्तरात आहे, असं विचारलं तर बहुतेक वेळा एकच कागद पुढे येतो, तहबाजारीची पावती.

मराठवाड्यातल्या बाजारात वाढलेल्या माणसाला तहबाजारी समजावून सांगावी लागत नाही. रस्त्यावर किंवा बाजारात बसून माल विकणाऱ्याकडून रोज घेतली जाणारी ही रक्कम. कुठे ती पालिकेचा कर्मचारी गोळा करतो, कुठे लिलावात ठेका घेतलेल्याचा माणूस. ‘मावशी, पावती’ एवढंच म्हणून तो पावती फाडतो, मावशी कनवटीचे पैसे काढते, व्यवहार संपतो. पावतीवर तारीख असते, रक्कम असते, पण बसणारीचं नाव बहुधा नसतं. त्यामुळे वीस वर्षं रोज पैसे भरूनही आपण वीस वर्षं इथेच बसतो हे तिला त्या कागदांवरून सिद्ध करता येत नाही. सकाळी पावती फाडणाऱ्या पालिकेचंच अतिक्रमण पथक दुपारी येऊन तिची पाटी उचलू शकतं आणि कार्यालयाच्या दृष्टीने या दोन गोष्टींत विसंगती नसते. वसुली हे एका खात्याचं काम, हटवणं दुसऱ्याचं.

रस्त्यावर विकण्याची परवानगी म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न या विसंगतीतूनच आधी न्यायालयात आणि मग संसदेत गेला. १९८५ साली मुंबईच्या फेरीवाल्यांच्या युनियनचा खटला सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. निकाल देणारे सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड मराठी होते. त्या निकालातून फेरीवाला क्षेत्र आणि ना-फेरीवाला क्षेत्र अशी विभागणी पुढे आली. आजही पालिकांची भाषा त्याच दोन शब्दांभोवती फिरते. १९८९ मध्ये सोदान सिंग यांचा निकाल आला. दिल्लीच्या जनपथजवळ तयार कपडे विकणारा हा माणूस, आणि वादही तहबाजारीचाच, कारण तिथल्या पालिकेच्या भाषेतही हाच शब्द आहे. रस्त्यावर धंदा करणं हा राज्यघटनेच्या कलम १९ खालचा व्यवसायस्वातंत्र्याचा भाग आहे, असं घटनापीठाने मान्य केलं. मात्र अमुकच जागी कायमचं बसण्याचा हक्क त्यातून निघत नाही, हेही सांगितलं. पुढची पंचवीस वर्षं सगळा झगडा या दुसऱ्या वाक्याभोवती झाला. हक्क आहे, तर तो उभा कुठे राहायचा?

संसदेने उत्तर दिलं ते पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, २०१४ या नावाने. १ मे २०१४ पासून तो लागू झाला. महाराष्ट्राने त्याखालचे नियम २०१६ मध्ये केले. कायदा वाचायला फार लांब नाही आणि वाचल्यावर आश्चर्य वाटतं, कारण तो बराच विक्रेत्याच्या बाजूचा आहे. आधी सर्वेक्षण करा, रस्त्यावर विकणाऱ्या प्रत्येकाची नोंद घ्या, त्यांना विक्री प्रमाणपत्र द्या आणि हे पूर्ण होईपर्यंत कुणालाही हटवू नका, असं कलम ३ सांगतं. सर्वेक्षण दर पाच वर्षांनी करायचं. विक्रेत्यांच्या संख्येची मर्यादा लोकसंख्येच्या अडीच टक्के. २०११ च्या जनगणनेत नांदेड-वाघाळा महापालिकेची लोकसंख्या साडेपाच लाख होती आणि लातूरची सुमारे ३ लाख ८३ हजार. अडीच टक्क्यांनी नांदेडला पावणेचौदा हजारांच्या आसपास आणि लातूरला साडेनऊ हजारांच्या आसपास विक्रेते सामावता येतात. हिशेबासाठी हाताशी जनगणना अजूनही तीच. मधल्या दीड दशकात सोयाबीनच्या भावाने आणि दुष्काळाने किती कुटुंबं गावाकडून या दोन शहरांत आली, हे त्या आकड्यात नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेलं लातूर कुणी विसरलेलं नाही. कोरड्या वर्षी शेतमजुरी आटली की पहिला आसरा हातगाड्याचाच असतो. त्याला भांडवल कमी लागतं आणि कुणाची शिफारस लागत नाही.

कागदावरची वाट साधारण अशी. सर्वेक्षणाचा माणूस बसल्या जागी येतो, मोबाईलवर फोटो काढतो, जागेची नोंद घेतो, आधार क्रमांक घेतो. मग अर्ज. धंदा मी किंवा माझ्या घरचं माणूसच करेल, मला उपजीविकेचं दुसरं साधन नाही, जागा भाड्याने किंवा विकत देणार नाही, अशी हमी द्यायची. महाराष्ट्रात त्याला अधिवास प्रमाणपत्राची अट जोडली गेली. ते काढायला पंधरा वर्षांच्या रहिवासाचा पुरावा लागतो. नांदेड-लातूरकडे परप्रांतीयांचा वाद मुंबईइतका नाही, पण अट मुंबईसाठी घातली तरी तिचा भार सगळ्यांवर येतो. भाड्याच्या खोल्या बदलत राहिलेली, लाईटबिल घरमालकाच्या नावावर असलेली, लग्नानंतर नाव बदललेली बाई पंधरा वर्षांचा पुरावा आणणार कुठून? एका प्रमाणपत्रासाठी आधी दुसरं काढायचं आणि त्यासाठी सेतू केंद्राच्या रांगेत दोन दिवसांची कमाई सोडायची.

पण समजा ही दोन्ही प्रमाणपत्रं मिळाली. शिक्का मारलेलं, फोटो असलेलं ओळखपत्र गळ्यात पडलं. माझ्या मते खरी मेख इथून पुढे आहे आणि तिच्याकडे विक्रेत्यांच्या संघटनांचंही पुरेसं लक्ष नाही. बहुतेक मोर्चांची मागणी ‘आम्हाला कार्ड द्या’ अशी असते. कायद्याला मात्र कार्डाबरोबर आणखी एक गोष्ट हवी आहे: पथविक्री आराखडा, म्हणजे शहराचा नकाशा. कुठे बसता येईल, कुठे फिरता येईल, कुठे मनाई, कोणत्या पट्ट्यात किती जण मावतील, हे सगळं त्यात दाखवायचं. तोही दर पाच वर्षांनी. हा नकाशा नसेल तर कार्ड म्हणजे माणसाची ओळख पटवणारा कागद. तो कुठे बसणार हे त्यातून ठरत नाही. सोदान सिंग निकालाने उघडा ठेवलेला प्रश्न तसाच उघडा राहतो.

आणि हा नकाशा मनाला येईल तसा काढता येत नाही. कायद्याच्या परिशिष्टातली तत्त्वं पालिकेच्या सवयींना थेट छेद देणारी आहेत. गर्दी होते एवढ्या कारणावरून एखादा भाग ना-फेरीवाला क्षेत्र ठरवता येत नाही. अस्वच्छतेचं कारणही चालत नाही; ती घाण केवळ विक्रेत्यांमुळेच होते आणि पालिकेच्या उपायांनी ती दूर होऊच शकत नाही, असं असेल तरच चालतं. सर्वेक्षण आणि आराखडा होण्याआधी कुठलाच भाग मनाईचा ठरत नाही. आपल्याकडे चौकाचौकात लागणाऱ्या ‘ना-फेरीवाला क्षेत्र’ या पाट्यांपैकी प्रत्येकीखाली उभं राहून एकच प्रश्न विचारायला हवा: ही कोणत्या आराखड्यानुसार?

आता पुन्हा गोलाईकडे. कायद्यात ‘नैसर्गिक बाजार’ अशी संकल्पना आहे. विकणारे आणि घेणारे परंपरेने जिथे जमत आले ती जागा. असा बाजार मनाईच्या क्षेत्रात टाकता येत नाही. त्याहून पुढची तरतूद अशी की ज्या नैसर्गिक बाजारात पथविक्रेते पन्नास वर्षांहून जास्त काळ धंदा करत आले आहेत, तो वारसा बाजार म्हणून जाहीर करायचा आणि तिथल्या पथविक्रेत्यांना दुसरीकडे हलवायचं नाही. गोलाईने शंभरी केव्हाच ओलांडली. लातूर जिल्हा झालं ते १९८२ मध्ये, महापालिका झाली २०११ मध्ये. बाजार या दोन्हींच्या कितीतरी आधीचा. सोळा रस्त्यांवरून बैलगाड्या येत होत्या तेव्हा माल काही फक्त काचेच्या दारांआड विकला जात नव्हता. मुद्दा सिद्ध करायला जुने फोटो, जुन्या नगरपालिकेची वसुलीची दप्तरं, म्हाताऱ्या व्यापाऱ्यांची शपथपत्रं पुरतील. आणि इथे तहबाजारी पहिल्यांदाच विक्रेत्याच्या उपयोगी पडेल. पालिकेने १९६० च्या दशकात गोलाईतून तहबाजारी वसूल केल्याची नोंद तिच्याच दप्तरात सापडली, तर तिथे तेव्हा विक्रेते बसत होते, हे पालिकेला नाकारता कसं येईल? गोलाईच्या सुशोभीकरणाची चर्चा वरचेवर होते. ती करणाऱ्यांनी वारसा म्हणजे फक्त विटा आणि कमानी असं धरू नये. कायदा तसं धरत नाही.

नांदेडची गोष्ट वेगळी आहे. तिथे बाजार एका बिंदूभोवती नाही. स्टेशनपासून वजिराबाद, महावीर चौक, जुना मोंढा, इतवारा असा तो वाहत गेलेला. दुसरीकडे तख्त सचखंड श्री हजूर साहिबच्या परिसरात कडी, कृपाणी, रुमाल, तसबिरी यांचा बारमाही बाजार. अमृतसरहून सचखंड एक्सप्रेसने उतरणारा भाविक तिथे आपल्या गावासाठी आठवण घेतो. २००८ मध्ये गुरुता गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला, त्या निमित्ताने आणि नेहरू नागरी पुनर्निर्माण योजनेच्या पैशातून शहराचे रस्ते रुंद झाले. नांदेडकरांना त्याचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. पण रुंदीकरणाच्या नकाशात पदपथ होते, दुभाजक होते, दिव्यांचे खांब होते; विक्रेता नव्हता. मग झालं ते सगळ्यांनी पाहिलं. रस्ता रुंद झाला की वर्दळ वाढते, वर्दळ वाढली की तिच्या काठाला हातगाडा येतो. केळीचा गाडा गिऱ्हाईक थांबतं तिथेच उभा राहणार. अर्धापूरची केळी घेऊन आलेल्या माणसाला शहराबाहेरच्या मोकळ्या मैदानावर ‘हॉकर्स झोन’ दिला तर तो आठ दिवसांत परत चौकात येतो. त्यात त्याचा हट्ट कमी आणि केळ्यांचा जास्त असतो. ती चौथ्या दिवशी काळी पडतात.

नांदेड स्टेशनसमोर आणखी एक अदृश्य रेघ आहे. २०१४ चा कायदा रेल्वेच्या मालकीच्या जागेला आणि गाड्यांना लागू नाही. कुंपणाबाहेरचा चहावाला एका कायद्याखाली, आत चार पावलं टाकली की दुसऱ्या, बऱ्याच कडक कायद्याखाली. ही रेघ कोणी रंगवून ठेवलेली नसते, पण चहाची किटली घेऊन फिरणाऱ्या पोराला ती बरोबर कुठून जाते ते ठाऊक असतं.

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही खोटं नाही. वजिराबादेत किंवा लातूरच्या गांधी चौकात म्हाताऱ्या माणसाला पदपथावरून सरळ चालता येत नाही. रुग्णवाहिका अडकते. कर भरणाऱ्या दुकानदाराला आपल्या दारात तोच माल स्वस्तात विकणारा गाडा नकोसा वाटणार. मात्र त्यातलेच काही दुकानदार आपल्या समोरची सार्वजनिक जागा विक्रेत्याला ‘भाड्याने’ देतात, हेही बाजारात कुणापासून लपलेलं नाही. पदपथावरच्या दुचाकींना तर कुणी अतिक्रमण म्हणतच नाही. नकाशा असता तर या साऱ्यांचं भांडण त्याच्यावर बोट ठेवून करता आलं असतं. तो नाही, म्हणून ते पथक आणि पाटी यांच्यात होतं.

पथक आलं की ‘गाडी आली’ अशी हाक एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाते आणि अर्ध्या मिनिटात रस्ता रिकामा होतो. महापालिका अधिनियमाचं कलम २३१ सूचना न देता वस्तू उचलण्याचा अधिकार देतं, आणि पथकाच्या खिशात तेच असतं. २०१४ च्या कायद्याने त्यावर बंधनं घातली. हटवण्याआधी तीस दिवसांची नोटीस. माल उचलला तर त्याची यादी करून सहीनिशी प्रत विक्रेत्याला द्यायची. नाशवंत माल मागणी केली त्याच दिवशी परत, इतर माल दोन कामाच्या दिवसांत. मी विचारेन तिथे ही यादी कुणी पाहिलेली नाही असंच उत्तर येतं. मेथीच्या गड्डीसाठी यादी कोण करणार, असा सूर असतो. पण मेथीसाठीच तर ती तरतूद आहे.

२०२० च्या जूनमध्ये या सगळ्याला एक अनपेक्षित वळण मिळालं. टाळेबंदीत रस्ते ओस पडले आणि केंद्राने पीएम स्वनिधी योजना आणली. तारण नाही, दहा हजारांचं पहिलं कर्ज, फेडलं की वीस, मग पन्नास. व्याजात सात टक्के सवलत. ऑगस्ट २०२५ मध्ये योजना मार्च २०३० पर्यंत वाढली आणि पहिले दोन हप्ते पंधरा व पंचवीस हजारांचे झाले. सकाळी नऊशे उचलून संध्याकाळी हजार फेडण्याच्या सावकारीत अडकलेल्यांसाठी ही मोठी गोष्ट होती, ती कमी लेखू नये. गंमत अशी की सर्वेक्षणात ज्याचं नाव नाही त्यालाही कर्ज मिळावं म्हणून पालिकांना शिफारसपत्र द्यायला सांगितलं गेलं. जी पालिका माणसाला विक्रेता म्हणून प्रमाणपत्र द्यायला वर्षानुवर्षं लावते, तिने तो विक्रेता असल्याचं बँकेला काही आठवड्यांत कळवलं. बँकेचा क्यूआर कोड गाड्यावर चिकटला. तो गाडा कुठे उभा राहील हे मात्र त्या पत्रात नाही. कर्जाचा हप्ता महिन्याच्या महिन्याला ठरलेला, धंद्याची जागा रोज वेगळी.

दंडाचं गणितही याच काळात बदललं. सार्वजनिक वाटेत अडथळा केल्याबद्दल जुन्या भारतीय दंड संहितेत कलम २८३ खाली दोनशे रुपयांपर्यंत दंड होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम २८५ मध्ये तो पाच हजारांपर्यंत गेला. नव्या संहितेच्या पहिल्याच दिवशी नवी दिल्ली स्टेशनजवळच्या एका पथविक्रेत्यावर याच कलमाखाली गुन्हा नोंदवला गेला, देशभर बातमी झाली, आणि मग तो मागे घेण्यात आला. स्वनिधीच्या तेव्हाच्या पहिल्या कर्जाच्या निम्मी रक्कम एका दंडात जाऊ शकते, एवढं दिल्लीपासून शेकडो मैलांवरच्या गाडेवाल्यालाही त्या दिवशी कळलं.

दिवाळीच्या तोंडावर या दोन्ही शहरांत एक परवानगी मात्र वेळेवर मिळते, फटाक्यांच्या स्टॉलची. विस्फोटक नियम, २००८ नुसार तात्पुरता परवाना, पालिका, पोलीस आणि अग्निशमनचं ना-हरकत, न जळणारं शेड, दोन दुकानांत तीन मीटर अंतर, समोरासमोर तोंड नाही, एका ठिकाणी पन्नासपेक्षा जास्त दुकानं नाहीत. मैदान ठरतं, आखणी होते, चुन्याची रेघ मारली जाते. म्हणजे जागा आखून देणं प्रशासनाला जमत नाही असं नाही. त्याच आठवड्यात झेंडू, पणत्या, केरसुणी, लाह्या-बत्तासे आणि बालाघाटची सीताफळं घेऊन खेड्यांतून शेकडो बाया येतात. त्यांच्यासाठी कुणी चुना टाकत नाही. त्यांच्यापैकी बऱ्याचजणी उरलेलं वर्ष शेतमजुरी करतात, त्यामुळे ‘उपजीविकेचं दुसरं साधन नाही’ ही हमी त्यांनी लिहून दिली तर ती खोटी ठरेल, आणि न दिली तर त्या विक्रेत्याच ठरत नाहीत.

हे बदलायचं तर ते नगर पथविक्रेता समितीतून. आयुक्त तिचे अध्यक्ष. चाळीस टक्के सदस्य पथविक्रेत्यांनी निवडून दिलेले, त्यांत एक तृतीयांश महिला. आराखडा, जागा, शुल्क, सगळ्यात या समितीचा सल्ला लागतो. महाराष्ट्रात ही निवडणूक कामगार आयुक्तांच्या यंत्रणेमार्फत होते. पुण्यात डिसेंबर २०२३ मध्ये, मुंबईत ऑगस्ट २०२४ मध्ये मतदान झालं, म्हणजे कायद्यानंतर नऊ-दहा वर्षांनी. मधल्या काळात नांदेड आणि लातूर दोन्ही महापालिकांत लोकप्रतिनिधीच नव्हते. दोन्हींची मुदत २०२२ मध्ये संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत प्रशासकाचा कारभार होता. पाटी उचलली तर ज्याला फोन लावायचा तो नगरसेवकही तीन वर्षांहून जास्त काळ नव्हता. आता नगरसेवक आहेत.

मात्र या समितीची मतदारयादी सर्वेक्षणातून तयार होते. सर्वेक्षणात नाव नाही तर मत नाही, मत नाही तर समितीत आवाज नाही, आवाज नाही तर नकाशात जागा नाही. आणि सर्वेक्षण बहुधा कार्यालयीन वेळेत होतं. पहाटे मोंढ्यातून भाजी उचलून नऊपर्यंत विकून घरी गेलेली बाई अकराच्या सर्वेक्षणात सापडत नाही. संध्याकाळी सातला लातूरच्या शिकवण्यांच्या वस्तीत पोहे-अंडाभुर्जीचा गाडा लावणारा पाचच्या आत सापडत नाही. पुढचं सर्वेक्षण लागेल तेव्हा त्याच्या वेळा आणि गल्ल्यांची यादी आठ दिवस आधी प्रभाग कार्यालयाच्या फळ्यावर लावा, पहाटेची आणि रात्रीची फेरी त्यात धरा, आणि तहबाजारीच्या पावतीवर विक्रेत्याचं नाव व बसण्याची जागा लिहायला सुरुवात करा, एवढा ठराव दोन्ही सभागृहांना एका बैठकीत करता येईल. पावतीपुस्तकाची छपाई पालिकेचीच आहे. त्यात दोन रकाने वाढवायला मंत्रालयात जावं लागत नाही.